स्विच बंद आहे म्हणजे नेमकं काय बंद आहे?

साशंक : घरातला दिवा बदलणं हे किरकोळ काम आहे असं लोक म्हणतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर नवा दिवा असतो. तो खरोखरच सोपा असतो. खोक्यावर वॉट छापलेले असतात, मागे दोन वायरी लोंबत असतात, सोबत स्क्रूची पुडी असते. अवघड जागा छताच्या आत आहे. 1980 च्या सुमारास बांधलेल्या एखाद्या सोसायटीतला फ्लॅट घ्या. जुना दिवा उतरवला की पाइपातून बाहेर आलेली वायरींची टोकं दिसतात. ती कोणी ओढली, मधल्या काळात कोणी कापली, रंगकामाच्या वेळी कोणी घाईघाईनं पुन्हा जोडली, याची नोंद कुठेच नसते. मग नवा दिवा लागत नाही, किंवा लागतो पण फडफडतो, किंवा तो लागतो आणि शेजारच्या खोलीतला विझतो. घरमालक दिव्याला दोष देतो आणि दुकानात परत जातो. दोष बहुतेकदा दिव्यात नसतोच. म्हणून माझं म्हणणं एवढंच की परवानाधारक वायरमनला बोलवावं आणि आपण लांब राहावं. 230 व्होल्टशी हौस करू नये.

हौशी : परवान्याचं नाव काढलंत, तर कायद्यापासूनच सुरुवात करू. 1956 च्या भारतीय विद्युत नियमांमधला 45 वा नियम सांगत होता की विजेच्या मांडणीचं काम परवानाधारक ठेकेदाराकडून, पात्र माणसाच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. पण त्याच नियमात एक अपवाद होता. दिवे, पंखे, फ्यूज, स्विच आणि फिटिंग नुसती बदलायची असतील आणि त्यामुळे मांडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल, तर ही अट लागू नव्हती. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010 च्या विनियमांतही हा अपवाद होता. म्हणजे नियम करणाऱ्यांनाही घरातला माणूस हे काम करणार हे ठाऊक होतं. 5 जानेवारी 2015 ला उजाला योजना सुरू झाली आणि पुढे 36 कोटींहून अधिक एलईडी बल्ब लोकांच्या घरी गेले. ते लावायला कोणी वायरमन बोलावला होता का?

साशंक : ते बल्ब होते. होल्डरमध्ये बल्ब फिरवून बसवणं आणि होल्डरच काढून तिथे पॅनेल किंवा झुंबर लावणं, यांत मोठं अंतर आहे. पहिल्या कामात तुमचा हात काचेला किंवा प्लास्टिकला लागतो, दुसऱ्यात तांब्याला. आणि अपवादातले जे शब्द तुम्ही सांगितलेत, क्षमता आणि स्वरूप, ते विसरू नका, मी त्यांच्याकडे परत येणार आहे. आधी वायरींच्या रंगांचं सांगा. आपल्याकडे फेजला लाल, पिवळा किंवा निळा, न्यूट्रलला काळा आणि अर्थिंगला हिरवा ही जुनी पद्धत. तीन रंग तीन फेजचे. तुमच्या फ्लॅटला इमारतीतली निळी फेज आलेली असेल, तर भिंतीतली निळी वायर फेजची असू शकते. आता नव्या दिव्याकडे बघा. त्याच्या वायरी आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या असतात, तपकिरी फेज आणि निळी न्यूट्रल. माणूस सरळ मनानं निळीला निळी जोडतो. दुसरा माणूस अमेरिकेतले व्हिडिओ पाहून शिकलेला असतो. तिथे काळी वायर फेजची आणि पांढरी न्यूट्रलची, घरातला दाब 120 व्होल्टचा. तो इथल्या काळ्या वायरीला फेज समजतो आणि लाल वायर बिनधास्त हातात धरतो. हे दोघेही निष्काळजी नाहीत. शिकले ते त्यांनी नीट लक्षात ठेवलं, फक्त ते दुसऱ्या घराबद्दल होतं.

हौशी : रंगांवर विसंबू नये हे मीही सांगेन. रंग हा वायर ओढणाऱ्याचा हेतू कळवतो, आणि त्याच्याकडे त्या दिवशी कोणतं बंडल शिल्लक होतं तेही कळवतो. खरं काय ते मोजूनच कळतं. मी आधी डीबीतला, म्हणजे घरातल्या वीजपेटीतला, एमसीबी पाडतो, मग होल्डरच्या दोन्ही टोकांना टेस्टर लावतो. टेस्टर पेटला नाही तरच हात घालतो. आठवीच्या पुस्तकातलं विज्ञान आणि दुकानातला साधा टेस्टर, याच्यापलीकडे काय लागतं?

साशंक : नेमका तुमचा टेस्टरच मला घाबरवतो. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीतला तो छोटा निऑन दिवा तुमच्या शरीरातून जाणाऱ्या अगदी बारीक प्रवाहावर पेटतो. तुम्ही कोरड्या लाकडी स्टुलावर उभे असाल तर तो मंद होतो. खिडकीतून ऊन येत असेल तर पेटलेला दिसत नाही. आतला रोध किंवा दिवा खराब झाला असेल तर पेटतच नाही. म्हणजे न पेटलेल्या टेस्टरला दोन अर्थ असतात, वायर मेलेली आहे किंवा टेस्टर मेलेला आहे, आणि तुम्ही त्यांतला एक सोयीचा म्हणून निवडता. पेटलेला टेस्टरही फसवतो. शेजारून जाणाऱ्या जिवंत वायरीच्या प्रभावानं सुट्या पडलेल्या वायरीवरही तो मंद उजळतो. आणि सगळ्यांत गोंधळाचा प्रसंग म्हणजे दिवा लागत नाही, पण टेस्टर दोन्ही टोकांना पेटतो. आमच्या सोसायटीत अशा वेळी ‘दोन फेज आल्या’ असं ठामपणे सांगणारे लोक मी पाहिले आहेत. मग कोणी त्यांतली एक कापतो.

हौशी : टेस्टरची तीन पायऱ्यांची रीत आहे, ती कोणी शिकवत नाही, एवढंच माझं दुःख. आधी चालू असलेल्या सॉकेटमध्ये टेस्टर लावून तो पेटतो हे पाहायचं. मग ज्या टोकाला हात लावायचा आहे तिथे पाहायचं. आणि लगेच पुन्हा चालू सॉकेटमध्ये लावून तो अजून जिवंत आहे हे पाहायचं. मधली पायरी एकटी असेल तर तिला काही किंमत नाही. आणि दोन्हीकडे पेटण्याचा प्रसंग तर मला घाबरवत नाही, उलट तो वाचता आला तर दोष कुठे आहे ते जवळजवळ बोट दाखवून सांगतो. न्यूट्रल वायर वाटेत कुठेतरी तुटली आहे. त्याच न्यूट्रलवर दुसरा एखादा दिवा किंवा पंखा चालू स्थितीत आहे. फेज त्याच्यातून शिरते, पलीकडच्या न्यूट्रलमध्ये येते, आणि पुढे वाट बंद असल्यामुळे तिथेच उभी राहते. प्रवाह वाहत नाही म्हणून दिवा लागत नाही, पण टेस्टरला ती फेजच दिसते. खरी फेज एकच आहे. अशा वेळी मल्टिमीटर फेज आणि न्यूट्रलमध्ये 230 दाखवत नाही, आणि फेज व अर्थिंगमध्ये मात्र दाखवतो. जुने वायरमन हेच काम होल्डरला दोन वायरी जोडून केलेल्या टेस्ट लॅम्पनं करायचे. हातातल्या वायरीवर खरोखर भार टाकून पाहायची ती पद्धत मला अजूनही सगळ्यांत प्रामाणिक वाटते. कारण मल्टिमीटरलाही सुट्या वायरीवर चाळीस, साठ, कधी नव्वद व्होल्टचं भूत दिसतं. दिव्याला ते दिसत नाही.

साशंक : आणि तो टेस्ट लॅम्प फेज-अर्थिंगमध्ये लावला की आरसीसीबी, म्हणजे गळणारी वीज ओळखून पुरवठा तोडणारा स्विच, पडतो आणि सगळं घर अंधारात. असो, तो दोष म्हणता येणार नाही, आरसीसीबी काम करतोय याचा तो पुरावा झाला. पण तुम्ही ‘एमसीबी पाडतो’ म्हणालात ते मला अजून खटकतंय. घरात इन्व्हर्टर आहे?

हौशी : आहे.

साशंक : मग तुमची पहिली पायरीच कोसळली. तुम्ही मेन बंद केलात की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेले. तो क्षणार्धात बॅटरीवर जातो आणि दिव्यांच्या वायरी पुन्हा जिवंत करतो. त्याही तेवढ्याच व्होल्टनं, कारण बॅटरी 12 व्होल्टची असली तरी बाहेर 220-230 व्होल्टच येतात. आता तुम्ही म्हणाल, मी इन्व्हर्टरचं समोरचं बटण बंद करतो. मेन चालू ठेवून नुसतं ते बटण बंद केलंत, तर बहुतेक घरगुती इन्व्हर्टरमध्ये महावितरणची वीज आतल्या आत वळून पुढे जातच राहते. दोन्ही बंद करावे लागतात. आणि आणखी एक. साधा एकेरी एमसीबी फक्त फेज तोडतो. इन्व्हर्टर नंतर बसवताना कोणी एका सर्किटची फेज घेतली आणि न्यूट्रल दुसऱ्याच सर्किटची वापरली, असं सर्रास होतं. तुम्ही दिव्याचा एमसीबी पाडून न्यूट्रलचा जोड उघडता. त्या न्यूट्रलमधून दुसऱ्या खोलीतल्या पंख्याचा प्रवाह परत जात असतो. जोड सुटला त्या क्षणी त्याचं एक टोक जिवंत होतं. काळी वायर, एमसीबी पाडलेला, टेस्टर मघाशीच लावून झालेला. सगळं नियमानं, आणि तरीही.

हौशी : हे मी मान्य करतो, आणि वाद जिंकण्यासाठी ते लपवणार नाही. एकाच सर्किटचा एमसीबी पाडणं आपल्या घरांमध्ये पुरेसं नाही. मेन दोन्ही पोल तोडणारा असावा, तो बंद करावा, इन्व्हर्टर बटणानं बंद करून त्याचा जोडही काढावा, आणि जोड उघडल्यानंतर दोन्ही टोकं पुन्हा तपासावीत. पण बघा, तुम्ही मला भीती दाखवायला जे सांगितलंत, त्यानं मी जास्त सावध काम करेन. ज्ञान देऊन माणसाला लांब ठेवता येत नाही. आणि एक दोष असा आहे की तो घरच्या माणसांनीच उजेडात आणला. एलईडी आल्यावर लाखो घरांत लोकांच्या लक्षात आलं की स्विच बंद केल्यावरही दिवा अंधारात फिकट जळतोय, किंवा काही सेकंदांनी एकदा लुकलुकतोय. वायरमन दुपारी येतो, त्याला ते दिसत नाही. रात्री झोपणाऱ्याला दिसतं.

त्याची कारणं वेगवेगळी आहेत आणि सगळी सारखी गंभीर नाहीत. स्विचमध्येच छोटा लाल दिवा असेल, तर त्याच्यातून झिरपणारा नखाएवढा प्रवाह एलईडीला पुरतो. जिन्याच्या दोन स्विचांमधल्या लांब वायरी एकमेकींना लागून धावत असतील, तर त्यांच्यातून प्रभावानं थोडी वीज पलीकडे जाते. ड्रायव्हरमधला कपॅसिटर ती साठवतो, भरला की दिवा एकदा चमकतो. ही दोन कारणं त्रासदायक आहेत, धोक्याची नाहीत. ओल शिरलेल्या वायरीतून झिरपा होत असेल तर ते चांगलं लक्षण नाही. आणि चौथं कारण खरं गंभीर. स्विच फेजवर बसवायच्या ऐवजी न्यूट्रलवर बसवलेला असतो. स्विच बंद केला की दिवा विझतो, पण होल्डरपर्यंत फेज आलेली असते ती तिथेच राहते. बल्ब बदलायला चढलेल्या माणसाला वाटतं, स्विच बंद आहे. त्यानं बंद केलेली असते फक्त परतीची वाट. ही चूक अनेक घरांत वीस-तीस वर्षं तशीच होती. 60 वॉटच्या जुन्या बल्बला उजळायला पाव अँपिअर लागायचा, झिरपणारा एखादा मिलिअँपिअर त्याच्या तारेला जाणवायचाही नाही. एलईडीला तो जाणवतो. जुना बल्ब ती चूक लपवत होता, नव्यानं ती दाखवली. म्हणून तो फिकट उजेड दिसला की लोकांनी दुसऱ्या कंपनीचा बल्ब आणून बघू नये. स्विच बंद ठेवून होल्डरची टोकं तपासावीत, टेस्टर चांगला लख्ख पेटला तर बोर्डमध्ये चूक आहे असं समजावं.

साशंक : आता तुमच्या अपवादाकडे येऊ, क्षमता आणि स्वरूप. दिवा बदलायला गेलात आणि स्विच न्यूट्रलवर आहे असं आढळलं. पुढे काय? ती चूक सुधारायची तर बोर्ड उघडायचा, फेज कुठून येते ते शोधायचं, कदाचित डीबीपर्यंत जाऊन जोड बदलायचे. ही दिव्याची बदली राहिली नाही. तुम्ही मांडणीत हात घातलात. कायद्यानं दिलेली सूट दिवा काढल्यावर जे दिसतं त्यासाठी नाही, जे दिसेल अशी अपेक्षा होती त्यासाठी आहे. आणि अपेक्षेप्रमाणे दिसलं नाही तरी लोक थांबत नाहीत. जुना दिवा काढलेला असतो, खालून स्टूल धरून कोणीतरी उभं असतं, संध्याकाळ होत आलेली असते. अशा वेळी माणूस विचार करत नाही, जोडून टाकतो. झुंबराच्या जागी दोन लाल आणि एक काळी निघते, दोन स्विचांकडून आलेल्या, एकाच फेजच्या दोन वायरी. पॅनेलला दोनच टोकं. तो दोन्ही लाल जोडतो, दिवा लागत नाही, कारण दोन्हीकडे एकच फेज. मग काळीशी अदलाबदल करतो. सगळ्या शक्यता तो एकेक करून बघतो, आणि त्यांतली प्रत्येक शक्यता चालू विजेवर तपासून बघतो. तीन फेजचं मीटर असलेल्या बंगल्यात एकाच खोक्यात दोन वेगळ्या फेज आल्या असतील, तर त्यांच्यात 400 व्होल्ट असतात. तिथे असा प्रयोग एकदाच होतो.

हौशी : तुम्ही वायरमनला आदर्श धरून बोलताय. जो प्रत्यक्षात येतो त्याच्याबद्दल बोला. आयटीआयचा दोन वर्षांचा वायरमन किंवा इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम केलेला, परवाना असलेला माणूस दहा मिनिटांच्या कामाला मिळत नाही. मिळतो तो हार्डवेअरच्या दुकानात निरोप ठेवून बोलावलेला पोरगा. तो हुशार असतो, हात चलाख असतो, पण त्याला दिवसाला अशी पुष्कळ कामं उरकायची असतात. दिवा लागला की त्याचं काम संपतं. न्यूट्रलवरचा स्विच त्यानंच किंवा त्याच्यासारख्यानंच बसवलेला असतो. पीळ मारून टेप गुंडाळलेले जोड त्यानंच छतात कोंबलेले असतात, आणि ती टेप काही वर्षांत वाळून सुटते. 1970 आणि 80 च्या दशकांत आपल्याकडे अॅल्युमिनियमच्या वायरी सर्रास वापरल्या गेल्या. त्या अजून अनेक भिंतींत आहेत. नव्या दिव्याची तांब्याची वायर तिला पीळ मारून जोडली, की दोन धातूंच्या सांध्यात गंज धरतो, दाबाखाली अॅल्युमिनियम हळूहळू सरकतं, जोड सैल होतो, तापतो. असा जोड लागलीच बोलत नाही. दिवा अधूनमधून फडफडतो, लोक पुन्हा दिवाच बदलतात. हे समजणारा घरमालक खाली उभा राहून निदान विचारू तरी शकतो, ‘कनेक्टर लावताय ना? ही वायर पांढरी कशी दिसतेय?’ अडाणी घरमालकाला जे मिळेल ते घ्यावं लागतं.

न्यूट्रलच्या लूपचंही तसंच. जुना दिवा काढला की एका स्क्रूखाली दोन काळ्या वायरी दिसतात. एक बोर्डाकडून आलेली, दुसरी पुढच्या खोलीकडे गेलेली. नव्या दिव्याला एकच जोडली आणि दुसरी टेप लावून सोडून दिली, की स्वयंपाकघर अंधारात. लोक एवढ्यानं घाबरून जातात. काढण्याआधी फोनवर एक फोटो घेतला असता आणि प्रत्येक टोकाला चिठ्ठी चिकटवली असती, तर ही अडचण आलीच नसती. ट्यूबच्या जुन्या पट्टीत एलईडी ट्यूब घालताना चोक आणि स्टार्टर वगळायचा की ठेवायचा हे तिच्या खोक्यावर छापलेलं असतं, ते वाचायला पाच मिनिटं लागतात. गोल पॅनेलचा ड्रायव्हर त्याच पॅनेलसाठी असतो, दुसऱ्याचा लावला तर पॅनेल जळू शकतं. डिमरवर साधा एलईडी लावला की तो फडफडणारच. यात गूढ काही नाही.

साशंक : पोरग्याबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, आणि ते मला दुखतं, कारण शॉक बसून मरणाऱ्यांत तोच पहिला असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत विजेच्या धक्क्यानं होणाऱ्या मृत्यूंचा आकडा दरवर्षी 10 हजारांच्या वर जातो. त्यांत शेतातले पंप, रस्त्यावर पडलेल्या तारा, कारखाने सगळं येतं. घरातले दिवे त्यांत किती हे मी सांगणार नाही, उगाच आकडा फुगवणार नाही. पण हिशेब कोणालाही करता येतो. घामेजलेल्या शरीराचा रोध दीड हजार ओहम धरा. 230 व्होल्टला साधारण दीडशे मिलिअँपिअर वाहतात. दहा मिलिअँपिअरच्या आसपास हाताची पकड सोडवता येत नाही, आणि तीसच्या पुढे हृदयाची लय बिघडायला काही क्षण पुरतात. तुमचा दिव्याचा एमसीबी सहा अँपिअरचा, म्हणजे सहा हजार मिलिअँपिअर. माणसातून जाणारा प्रवाह त्याच्या लेखी अस्तित्वातच नाही. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. माणसासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, आणि जुन्या फ्लॅटांपैकी पुष्कळांत तो नाहीच. असला तरी तुम्ही कोरड्या लाकडी स्टुलावर उभे राहून एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरलीत, तर त्याला तुम्ही आणि दिवा यांत फरक कळत नाही. जितकी वीज गेली तितकी परत आली, तो का पडेल?

शिवाय जुन्या पद्धतीत अर्थिंगची वायर सॉकेटपर्यंतच यायची, छतातल्या दिव्याच्या पॉइंटला दोनच वायरी. तिथे तुम्ही आज पितळी झुंबर लावता. झुंबराची हिरवी वायर जोडायला जागा नसते, म्हणून ती कापून गुंडाळून ठेवतात. पुढे कधीतरी आतली वायर धातूच्या कडेवर घासते आणि सगळं झुंबर फेजवर येतं. ते दिसायला तसंच सुंदर राहतं. पुसायला चढणारी बहुतेक घरात काम करणारी बाई असते. दिवा लावणाऱ्याच्या कौशल्याबद्दल आपण इतका वेळ बोलतोय, पण धोका त्याच्यापुरता राहत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तो काम करून खाली उतरला, दिवा लागला, सगळ्यांनी वाहवा केली. चूक भोगणारी व्यक्ती त्या दिवशी घरातही नव्हती.

हौशी : हा मुद्दा मला याआधी कोणी असा सांगितला नव्हता. मी स्वतःचा जीव पणाला लावतो ती माझी मर्जी, असं मी मनात धरून चाललो होतो. झुंबराचा दाखला त्याला उत्तर देतो. मग मी रेघ अशी ओढतो. मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद, तपासणी तिन्ही पायऱ्यांनी, आणि उघडल्यावर अपेक्षेप्रमाणे दिसलं तरच पुढे. दोनपेक्षा जास्त वायरी आणि त्यांचा अर्थ लागत नाही, वायरीचं आवरण हातात तुटतंय, अॅल्युमिनियम आहे, स्विच बंद असून फेज लागते, धातूचं फिटिंग आहे आणि अर्थिंग नाही, दिवा जड आहे आणि आधाराला नुसतं पीओपी आहे, यांतलं काहीही आढळलं तर टोकं कनेक्टरमध्ये बंद करून खाली उतरायचं. आणि घरातले काही दिवे अचानक भगभगीत व बाकीचे मंद झाले, तर काही तपासायचंच नाही. इमारतीकडे येणारी न्यूट्रल तुटली असण्याची शक्यता आहे, दाब 400 कडे चढू शकतो. मेन बंद करायचा आणि वीज कंपनीला कळवायचं. एवढं पाळलं तर तुमचा आक्षेप उरतो का?

साशंक : उरतो. यादी चांगली आहे, पण ती वापरायला जी नजर लागते ती यादीत नाही. वायर अॅल्युमिनियमची आहे हे ओळखायला ती आधी पाहिलेली असावी लागते. टेस्टर ‘लख्ख’ पेटला की ‘मंद’, हा फरक तुम्हाला कळतो, कारण तुम्ही दोन्ही पाहिलेत. ज्यानं पाहिले नाहीत त्याला तुमची यादी वाचून वाटेल की आपल्याला सगळं कळलं. थांबायचं कुठे हे ज्याला कळतं तोच सुरक्षित, आणि ते कळण्यासाठी काही वेळा न थांबता काम केलेलं असावं लागतं. आयटीआयमध्ये ते शिक्षकाच्या नजरेखाली, खोट्या भिंतीवर होतं. घरात ते खऱ्या भिंतीवर, एकट्यानं होतं.

हौशी : मग शिकायचं कुठे, या प्रश्नाला तुमच्याकडेही उत्तर नाही. ‘लांब राहा’ हे उत्तर नाही, कारण लांब राहणाऱ्याच्या घरात न्यूट्रलवरचा स्विच तसाच राहतो. बल्ब बदलायला तर तोही चढतोच.

साशंक : नाही, माझ्याकडे उत्तर नाही. पण शिडीवर न चढता, एकही स्क्रू न काढता करता येईल असं बरंच काही आहे, आणि ते बहुतेक घरांत झालेलं नाही. डीबीचं झाकण उघडा. एकेक एमसीबी पाडून घरभर फिरा, काय बंद झालं ते कागदावर लिहा, आणि तो कागद झाकणाच्या आत चिकटवा. इन्व्हर्टर चालू असताना मेन पाडून कोणते दिवे जळत राहतात ते त्याच कागदावर लाल शाईनं लिहा. पुढे जो कोणी चढेल, तुम्ही, तो पोरगा किंवा परवानाधारक वायरमन, त्याला निदान सुरुवात अंधारात करावी लागणार नाही.

हौशी : त्यात माझी भर. पुढच्या वेळी रंगकामासाठी किंवा फॉल्स सीलिंगसाठी छत उघडलं की प्रत्येक खोक्याचा फोटो घ्या, प्लास्टर होण्याआधी. फ्लॅट नवा असेल आणि स्विच न्यूट्रलवर सापडला, तर गप्प बसून स्वतः दुरुस्त करू नका. 2016 च्या रेरा कायद्यानुसार ताब्यापासून पाच वर्षांपर्यंत कामातल्या दोषाची जबाबदारी बिल्डरची असते. लेखी कळवा. आणि आरसीसीबी असेल तर त्यावरचं टी अक्षराचं बटण आज दाबून बघा. तो पडला नाही, तर दिव्याचं काम बाजूला ठेवून आधी तो बदलून घ्या. त्यासाठी मात्र वायरमनच बोलवा.